डॉकखालच्या स्नूकसाठी घेतलेला रॉड-रील: आठ महिन्यांनंतर

1 मेपासून फ्लोरिडाच्या आमच्या किनाऱ्यावर स्नूक माशाचा हंगाम बंद झाला. पकडून सोडायला बंदी नाही, पण घरी न्यायचा तर थेट 1 सप्टेंबर उजाडावा लागतो. म्हणून गेल्या सप्टेंबरात घेतलेला रॉड-रीलचा (गळाची काठी आणि तिच्यावरचं दोर गुंडाळायचं यंत्र) सेट सध्या स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सुटा करून ठेवलाय. बायको म्हणते, एक तर हे आवर नाहीतर जेवण बाहेरून मागव. दोन्हीच्या मधल्या वेळात हे लिहितोय.

सेट असा: सात फुटी रॉड, मीडियम-हेवी (मध्यमपेक्षा जरा दणकट), वरचं टोक लवचिक पण खालचा दांडा टणक. रील स्पिनिंगचं, 4000 म्हणजे मध्यम साइझचं. दोन्ही मिळून दोनशे डॉलरच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातली अर्धी तक्रार शेवटी माझ्याच गळ्यात आली, ते पुढे सांगतो.

मी मूळचा अलिबागकडचा, सध्या केप कोरलमध्ये. या गावात 1950च्या दशकाच्या अखेरीपासून खोदत नेलेले कालवे आहेत, जवळजवळ 400 मैलांचे. कालव्याला पाठ लावून घरं, आणि घरामागे लाकडी डॉक, म्हणजे होडी बांधायचा खांबांवरचा धक्का. त्या डॉकच्या सावलीत स्नूक उभा असतो. स्नूकला मराठीत नाव नाही, पण आपल्याकडचा जिताडा डोळ्यांसमोर आणा, त्याला जरा बारीक करा, खालचा जबडा तसाच पुढे काढा आणि अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ ओढा. झाला स्नूक. पूर्वी शास्त्रज्ञ दोघांना एकाच कुळात धरायचे. दोघेही जन्माला येतात नर म्हणून आणि मोठे झाले की मादी होतात. माझा मित्र वेंगुर्ल्याचा. तो म्हणतो, "हो चोणकीचो भाव." चोणक म्हणजे जिताडाच, हे तो मान्य करत नाही. त्यावर आमची अनेक वर्षांची भांडणं आहेत.

आणि हा मासा विकत मिळत नाही, हे मुद्दाम सांगतो. फ्लोरिडात 1957पासून स्नूकच्या विक्रीला बंदी आहे. बाजारात कितीही फिरा, हॉटेलात कितीही विचारा. खायचा असेल तर स्वतः गळाला लावा. त्यासाठी खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचं वर्षाचं लायसन (राज्यातल्या रहिवाशाला 17 डॉलर) आणि वर स्नूकचा वेगळा परवाना, 10 डॉलर. दिवसाला माणशी एकच, आणि तोही 28 ते 33 इंचांमधलाच. 27 असला तरी सोडा, 34 असला तरी सोडा.

पहिले तीन महिने मी या सेटवर बेहद्द खूश होतो. शेजारच्या मॅटलाशे गावाच्या पुलाजवळ, खारफुटीच्या कडेला, उथळ मोकळ्या पाण्यात फेकायचं. सात फुटांमुळे आमिष लांब जायचं, रीलचा ड्रॅग (मासा ओढायला लागला की दोर आवरत सोडणारा ब्रेक) इतका मऊ की मासा पळाला की दोर लोण्यातून सुटल्यासारखा सुटायचा, आणि तो सर्र आवाज! त्या वेळी लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो.

मग थंडी आली. स्नूक थंडीला फार नाजूक. जानेवारी 2010च्या गारठ्यात इथे ते एवढे मेले की पुढची काही वर्षं या किनाऱ्यावर तो घरी न्यायलाच बंदी होती. थंडी पडली की ते उथळ पाणी सोडून कालव्यांच्या खोल, उबदार पाण्यात येतात. त्यांच्या मागे आम्हीही डॉककडे वळलो आणि माझ्या लाडक्या ड्रॅगची अब्रू गेली.

मोकळ्या पाण्यात मासा कुठेही पळाला तरी तुमच्याकडे वेळ असतो. डॉकखाली नसतो. स्नूक खांबाच्या आड तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, आमिष समोरून गेलं की झडप घालतो आणि त्याच वळणावर परत खांबांमध्ये शिरतो. खांबांना कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेली, प्रत्येकाची कड ब्लेडसारखी. ड्रॅगने हातभर जरी दोर दिला, तरी दोर खांबाला घासला आणि खेळ संपला. मी रीलचं संगीत ऐकत उभा. मित्र मागून म्हणाला, "मेल्या, तू आवाज आयकत बसतस, आणि मासो घराक जाता."

मग मी ड्रॅग आवळला. तरी दोर सुटतच होता! गच्च आवळलेलं बटण, आणि स्पूल (दोर गुंडाळलेली रीळ) तरी फिरतंय असं वाटायचं. जानेवारीत सलग पाच मासे गेले. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला तिखट ईमेल लिहिली, जाहिरातीत 25 पौंडांचा ड्रॅग लिहिलाय आणि इथे पाच पौंडही धरत नाही, वगैरे. त्यांनी अत्यंत नम्रपणे एकच प्रश्न विचारला: ब्रेड थेट स्पूलला बांधलाय का?

बांधला होता. ब्रेड म्हणजे विणलेला दोर, गुळगुळीत. स्पूलही गुळगुळीत धातूचं. जोरात ताण आला की आतल्या आत अख्खा दोरच स्पूलवर घसरत फिरतो आणि आपण ड्रॅगला शिव्या देतो. खाली आधी नायलॉनचे थोडे वेढे घालायचे किंवा चिकटपट्टी लावायची, एवढंच. ज्याला हे माहीत आहे तो हसेल. मला चाळिशीत कळलं. नायलॉन घातलं, 20 पौंडांचा ताण झेलणारा ब्रेड काढून 30चा भरला, पुढचा फ्लोरोकार्बनचा लीडर (गळाजवळचा जाड दोराचा तुकडा) 30वरून 40 पौंडांवर नेला, आणि विमानप्रवासाला बॅग तोलायचा काटा दोराला अडकवून ड्रॅग मोजला. बारा पौंडांवर लावला आणि तिथेच ठेवला.

ते जमलं की नाही, ते एप्रिलमधल्या एका शनिवारी कळलं.

मित्राकडे सोळा फुटी जुनी ॲल्युमिनियमची होडी आहे. पहाटे साडेपाचला निघालो. आमिषाची मासळी धरायला त्याने पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, आणला होता. इथल्या दुकानातून घेतलेला असला तरी मारायची पद्धत अस्सल वेंगुर्ल्याची: एक कड दातात, एक कोपरावर, आणि कमरेतून वळून असा फेकतो की पाण्यावर पूर्ण गोल उमटतो. पावाचा आणि डब्यातल्या माशाचा चुरा टाकून जमवलेली इवली इवली तारलीसारखी मासळी दोन फेकांत टाकीभर मिळाली. मी चहा ओतण्याचं काम चोख केलं.

इथली भरती-ओहोटी आपल्यासारखी नाही. अलिबागला उधाणाला पाणी चार-चार मीटर चढउतार करतं, इथे दोन-तीन फूट झाले की पुष्कळ. पण तेवढंच पाणी अरुंद कालव्यातून हलायला लागलं की मासे जागे होतात. सातच्या सुमाराला ओहोटी धरली आणि आम्ही पहिल्या डॉकवर गेलो. काही नाही. दुसऱ्यावर मला शिंगाळा लागला. काटा टोचू नये म्हणून दहा मिनिटं पक्कडीशी झटापट, तेवढ्यात मित्राने दोन सिगारेटी ओढल्या.

तिसरा डॉक जुना. 2022च्या सप्टेंबरात इयन वादळाने इथले बरेचसे डॉक उखडून नेले. नव्या खांबांवर कालवं कमी, शिवाय काहींना प्लास्टिकचं वेष्टण. मित्राचं ठाम मत की स्नूकला जुनं घरच आवडतं. डॉकवर एक म्हातारे गृहस्थ आरामखुर्चीत कॉफी घेत बसलेले. आम्हाला वाटलं आता हाकलणार. उलट त्यांनी बोट दाखवून सांगितलं, शिडीच्या डावीकडे, तिसरा खांब, रोज सकाळी आवाज येतो.

तो आवाज मग आम्हालाही आला. बाटलीचं बूच उडावं तसा 'टॉप्' असा. स्नूक पाण्याच्या पृष्ठभागावरून भक्ष्य ओढून घेतो तेव्हाचा.

इथे रॉडची पहिली उणीव कळली. फळ्या आणि पाणी यांच्यात जेमतेम दीड फूट जागा. आमिष खालून, आडव्या हाताने असं फेकायचं की ते भाकरी खेळताना पाण्यावर उड्या मारणाऱ्या चपट्या खापरीसारखं घसरत आत गेलं पाहिजे. बुटक्या होडीत उभं राहून सात फुटी रॉड आडवा फिरवला की टोक पाण्यात बुडतं. माझे पहिले चार फेक वाया. एक तर फळीवरच, गृहस्थांच्या पायाशी. त्यांनी मासळी उचलून परत पाण्यात टाकली, काही बोलले नाहीत.

पाचवा आत गेला. एक, दोन, आणि दोर ताठ. वर्तुळाकार गळ असला की हिसका द्यायचा नसतो, नुसतं गुंडाळत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. लहानपणापासूनची हिसक्याची सवय मोडायला मला सहा महिने लागले होते. त्या दिवशी हात शहाणा निघाला. रॉड वाकून मूठ पोटात रुतली. दोर सुटला नाही. सर्र नाही, काही नाही, नुसता ताण.

"ओढ मेल्या, ओढ! बघतस काय?" असं ओरडत मित्राने मोटर उलटी फिरवून होडीच मागे घेतली. हा त्याचा डाव मला सगळ्यात आवडतो: माणूस ओढत नाही, अख्खी होडी ओढते. पहिले तीन सेकंद गेले, मासा सावलीबाहेर आला आणि उन्हात त्याने पाण्याबाहेर सगळं अंग काढून डोकं झटकलं. काळी रेघ स्पष्ट दिसली. त्यानंतर मी ड्रॅग जरा सैल केला. सर्र आवाज आला, पण तो मोकळ्या पाण्यात.

31 इंच. शेपटी चिमटून मोजतात, तशी मोजली. स्नूकला सुळे नसतात, ओठ सहाणेसारखे खरबरीत, त्यामुळे अंगठा तोंडात घालून धरता येतो. कल्ल्यांची झाकणं मात्र वस्तऱ्यासारखी. ते माहीत असूनही हात तिथेच गेला. रक्त रॉडच्या मुठीवर. फोमची मूठ आहे, बुळबुळीत हातातूनही सुटत नाही, ही तिची खरी परीक्षा झाली म्हणायची. धुतल्यावर डागही गेला.

नंतर मित्राची पाळी. त्याचा रॉड साडेसहा फुटी. त्याचं आमिष पहिल्याच फेकीत आत. त्याचा मासा पाहून गृहस्थ खुर्चीतून उठले. तो दोनदा परत डॉकखाली शिरला, दोनदा होडीने बाहेर काढला, तिसऱ्यांदा लीडर खांबाला घासल्याचं बोटांना कळलं. वर आल्यावर पाहिलं, 40 पौंडांचा लीडर कापसासारखा पिंजारलेला. 30 असता तर गेलाच होता. 37 इंच, म्हणजे सोडायचाच. मित्राने त्याला पाण्याबाहेर न काढता आडवा धरून तोंड प्रवाहाकडे केलं. मिनिटभर कल्ले हलले, मग शेपटीचा एक फटका, आणि मित्र छातीपर्यंत भिजला. एवढी मोठी ती मादीच असणार. "आवस गेली घराक," तो म्हणाला. आवस म्हणजे आई.

साडेदहाला पाणी थांबलं आणि मासेही. आणखी तीन लागले, दोन बुटके म्हणून सोडले, एक माझ्या आळसाने गेला: गाठ नव्याने बांधायला हवी होती, बांधली नाही.

माझा 31 इंची दोन घरांत वाटला. कातडी काढूनच शिजवा. तशीच ठेवली तर रश्शाला साबणाची चव येते, इथले जुने लोक याला साबणमासा म्हणायचे ते उगीच नाही. मित्राने त्याच्या वाट्यात तिरफळं घातली, मी लसूण आणि आमसूल. दोघांनी एकमेकांचं चाखलं आणि आपापलं बरं म्हटलं.

आता टेबलावरच्या तुकड्यांबद्दल. चाळीसेक फेऱ्यांनंतर ड्रॅगच्या चकत्या ठणठणीत. गिअर घट्ट. बेलवरची (दोर स्पूलवर नेणाऱ्या तारेच्या कमानीवरची) दोर फिरवणारी छोटी पुली मात्र गंजली, आतलं बेअरिंग करकरतं. याला कंपनीही जबाबदार, तिथे बेअरिंग साधं घातलंय. मीही जबाबदार, कारण पहिले काही महिने घरी आल्यावर पाइपच्या जोरदार फवाऱ्याने धूत होतो, त्याने मीठ निघत नाही, आत जातं. ड्रॅग आवळून, हळू पाण्याने धुवा आणि पुसा. रॉडच्या टोकाकडून दुसऱ्या कडीतल्या चिनी मातीच्या रिंगला तडा गेलाय. डोळ्यांना दिसत नव्हता, कान कोरायची कापसाची काडी आतून फिरवली तेव्हा धागा अडकला. दोर विनाकारण तुटत असेल तर आधी हे बघा. ब्रेडचा रंग उडाला, पण तो उलटा करून भरला की आतला कोरा भाग वर येतो. एवढ्यासाठी नवीन घेऊ नका.

पुन्हा घेईन का? रील घेईन, आणि पुलीतलं साधं बेअरिंग पहिल्याच दिवशी बदलून टाकीन. रॉड मोकळ्या पाण्यासाठी, पुलासाठी, किनाऱ्यावरून फेकण्यासाठी जरूर. केवळ डॉकसाठी घेणार असाल तर याचाच साडेसहा फुटी घ्या. मी तो मागवलाय. येईपर्यंत मित्राचा मागितला होता. त्याने उत्तर दिलं की आधी चोणक आणि जिताडो वेगळे हे लिहून दे.