इमिग्रेशन कोर्टाचा फुकट डेटा: माल चोख, पण निवडून घ्यावा लागतो

अमेरिकेची इमिग्रेशन कोर्टं तिथल्या न्याय खात्याच्या ईओआयआर या कार्यालयाखाली चालतात. हे कार्यालय सगळ्या केसेसची झिप फाइल महिन्यागणिक संकेतस्थळावर टाकतं, तीही फुकट. असायलमच्या, म्हणजे छळापासून आश्रय मागणाऱ्या अर्जांच्या, निकालांवर मशीन लर्निंग करायचं असेल तर एवढा मोठा साठा दुसरीकडे शोधू नका. मात्र डाउनलोड झाल्या झाल्या मॉडेल चालवायला बसलात तर फसाल.

फाइलींना सीएसव्ही म्हटलंय, पण रकाने स्वल्पविरामाने नाही, टॅबने वेगळे केलेत. मध्येच एखादं अवतरणचिन्ह उघडतं आणि बंदच होत नाही. मग पँडाज हे पायथनमधलं डेटा वाचायचं साधन पुढच्या कित्येक ओळी एकाच रकान्यात गिळून टाकतं. वाचताना अवतरणचिन्हांकडे दुर्लक्ष करायला सांगा, सगळे रकाने मजकूर म्हणून घ्या आणि ओळींची संख्या मूळ फाइलीशी ताडून बघा.

काम मुख्यतः तीन तक्त्यांचं: केस, प्रोसीडिंग (केसमधली कार्यवाही) आणि कोर्टातले अर्ज. असायलमचा निकाल तिसऱ्यात असतो. असायलम, विथहोल्डिंग (हद्दपारी रोखण्याची मागणी) आणि छळविरोधी कराराखालचं संरक्षण असे तीन अर्ज बहुतेकदा एकत्रच केलेले असतात. अर्जाच्या प्रकाराचा कोड न गाळता तक्ते जोडले की एका माणसाच्या तीन ओळी झाल्याच. कोर्ट बदललं किंवा अपिलातून केस परत आली की आणखी एक प्रोसीडिंग वाढते, तेव्हा कुठला निकाल धरायचा हे आधीच ठरवा. मागे घेतलेले अर्ज ‘नामंजूर’मध्ये ढकलू नका, बरेच जण तेच करतात.

खरी गोम मॉडेलच्या चाचणीत आहे. नवरा, बायको, मुलं यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात, पण न्यायाधीश, तारीख आणि निकाल बहुधा एकच. नोंदी सरसकट पिसून वाटल्या तर बाप प्रशिक्षणात जातो, लेक चाचणीत, आणि अचूकता उगाच फुगते. परकीय क्रमांक (सरकार प्रत्येक परदेशी माणसाला देतं तो) काढून टाकलेला असल्याने कुटुंब थेट ओळखता येत नाही. न्यायाधीश, राष्ट्रीयत्व आणि निकालाची तारीख मिळून गट करा आणि वाटणी वर्षांनुसार ठेवा: जुन्या वर्षांवर शिकवा, नंतरच्यांवर तपासा. सुनावण्यांची एकूण संख्या ही केस संपल्यावरची माहिती. केस उघडतानाचा अंदाज हवा असेल तर तो रकाना बाहेर. वकिलाचंही तसंच, नेमणुकीची तारीख बघूनच घ्या.

२०१७ च्या एका अभ्यासात चेन आणि ईगल यांनी १९८१ ते २०१३ मधल्या ४,९२,९०३ सुनावण्यांवर रँडम फॉरेस्ट ही मशीन लर्निंगची पद्धत चालवून ८२ टक्के निकाल बरोबर ओळखले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निबंधात नुसता न्यायाधीश आणि राष्ट्रीयत्व एवढ्यावर ८० टक्के. आकडा भारदस्त आहे, पण शंभरातले पासष्ट अर्ज फेटाळले जात असतील तर डोळे मिटून ‘नाही’ म्हणणाराही पासष्ट गुण मिळवतो. आपला आकडा लिहिताना हा पाया शेजारी लिहा.

त्यातही अर्जदारावर नेमकं काय गुदरलं, त्याची साक्ष कोर्टाला पटली का, यातलं काहीच या तक्त्यांत नाही. म्हणून अशिलाची शक्यता वर्तवायला हा डेटा कुचकामी. न्यायाधीशा-न्यायाधीशांमधली तफावत मोजायला मात्र उत्तम, तीही एकाच कोर्टात, एकाच वर्षात, एकाच देशाच्या अर्जदारांपुरती. कोठडीतल्यांच्या केसेस वेगळ्या काढा, कारण त्या सगळ्या न्यायाधीशांना सारख्या वाटल्या जात नाहीत. भारतीयांसाठी भाषेचा रकानाही घ्या. पंजाबी आणि गुजराती अर्जदार एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. असायलम अधिकाऱ्यांनी मुलाखतीनंतर कोर्टाबाहेर मंजूर केलेले अर्ज इथे सापडणार नाहीत.

आकडेवारी इतकी चिवडायची नसेल तर सिरॅक्यूज विद्यापीठात सुरू झालेल्या ‘ट्रॅक’ या डेटा-संशोधन गटाकडे न्यायाधीशनिहाय टक्केवारी तयार मिळते. याच ट्रॅकने २०१९ मध्ये ईओआयआरच्या डेटातून नोंदी गायब झाल्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळे जुन्या झिप पुसू नका, आणि नवी आली की मागच्या महिन्यातले केस-क्रमांक तिच्यात आहेत का ते आधी तपासा. उघडल्यावर फाइली काही जीबींच्या होतात. साध्या लॅपटॉपवर पँडाजऐवजी डकडीबी हा हलका डेटाबेस वापरलेला बरं.