ट्रकसाठी लेझर अलाइनमेंट किट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चाकं आणि एक्सल सरळ आहेत का हे लेझरने मोजणारं हे किट घेताना बहुतेकांच्या डोळ्यासमोर पुढचं एक्सल आणि टो (वरून बघताना चाकं किती आत किंवा बाहेर तोंड करून आहेत ते) असतो. आठ महिन्यांत त्याचा खरा उपयोग झाला तो मागच्या एक्सलला. "स्टेअरिंग वाकडं राहतं", "गाडी एका बाजूला ओढते", "नवे टायर लगेच खाते" या तक्रारी ऐकून टाय रॉडला (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या, टो जुळवायच्या दांड्याला) पाना लावणारे खूप. पण मागचं एक्सल चासीच्या मध्यरेषेला काटकोनात नसेल, तर पुढचा टो कितीही अचूक बसवा, ड्रायव्हरला स्टेअरिंग तिरकं धरूनच गाडी सरळ चालवावी लागते.

टायर हे आधीच सांगत असतात. पुढच्या एका टायरची बाहेरची कड आणि दुसऱ्याची आतली कड झिजली असेल, तर आधी मागे बघा. दोन्ही टायर सारखेच, बाहेरून किंवा आतून खात असतील तर टो बघा. टायरच्या नक्षीच्या पट्ट्यांवरून हात फिरवा: बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना करवतीसारखं टोचलं, तर टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट (बाहेर वळलेली).

किटमध्ये रिमला धरणारे दोन क्लॅम्प, त्यांवर बसणारी लेझर हेड, चासीला पुढे-मागे टांगायच्या आपोआप मध्य धरणाऱ्या दोन मोजपट्ट्या आणि पुढच्या चाकांखालच्या फिरत्या प्लेट्स आहेत. गणित सोपं आहे. समजा मागच्या एक्सलवर डाव्या लेझरचं चासीच्या मध्यापासूनचं अंतर पुढच्या पट्टीवर 1205 मिमी आलं आणि मागच्या पट्टीवर 1199. उजवीकडे तेच 1195 आणि 1201. दोन्ही रेषा 6 मिमीने डावीकडे झुकल्या, म्हणजे चाकं आपसात समांतर आहेत, पण एक्सल डावीकडे तोंड करून आहे. पट्ट्यांमधलं अंतर 5 मीटर असेल तर हा तिरकेपणा मीटरला 1.2 मिमी झाला, अंशात सुमारे 0.07. अशी गाडी मागून डावीकडे सरकते, नाक उजवीकडे वळतं आणि ड्रायव्हर स्टेअरिंग डावीकडे धरून ठेवतो.

दुरुस्तीसाठी एक्सलचं डावं टोक पुढे घ्यायचं. आधाराचे दोन बिंदू एकमेकांपासून 1 मीटरवर असतील तर हलवायचं अंतर 1.2 मिमीच असतं. एवढीशी पत्री टॉर्क आर्मच्या (एक्सलला चासीशी धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या) बुडाशी घातली की काम होतं. इंजिनची ताकद मिळणारी दोन एक्सल असतील तर आधी एक चासीला काटकोनात आणा, मग दुसरं त्याला समांतर करा. दोन्ही बाजूंची हब ते हब अंतरं मोजून फरक 3 मिमीच्या आत ठेवतो.

हे सगळं रनआउट (चाक फिरताना रिम किंवा क्लॅम्पचा डगमगीतपणा) काढल्याशिवाय व्यर्थ आहे, आणि आळस नेमका तिथेच होतो. वाकलेल्या रिमवर क्लॅम्प तिरका बसला की लेझर निर्धास्तपणे चुकीचा आकडा दाखवतं. चाक उचलून फिरवायचं आणि ठिपका पट्टीवर एकाच जागी थांबेपर्यंत क्लॅम्पचे स्क्रू जुळवायचे. मागच्या चाकांना त्यासाठी गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना ठोकळे, आणि ब्रेकच्या टाकीत पूर्ण हवा लागते. नाहीतर स्प्रिंग ब्रेक (हवा नसताना स्प्रिंगने लागून राहणारा ब्रेक) चाक सोडतच नाही.

मोजण्याआधी प्ले, म्हणजे सांध्यांमधला ढिलेपणा, तपासायला हवा. टॉर्क आर्मचं बुश फाटलेलं, पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) सेंटर बोल्ट तुटलेला किंवा एक्सल पाट्याला बांधणारा यू-बोल्ट सैल असेल तर एक्सल रोज नव्या जागी असतं. सेटिंग करून काही उपयोग नाही. पुढे चाकं जमिनीवर ठेवून, इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करावं आणि दुसऱ्याने ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) व टाय रॉडच्या सांध्यांवर नजर ठेवावी. किंग पिनसाठी (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) पुढच्या एक्सलचा बीम जॅकवर घेऊन चाक वर-खाली, आत-बाहेर हलवा. हब बेअरिंगचा प्ले किंग पिनचा समजू नका. ब्रेक दाबून धरल्यावर हालचाल थांबली तर ती बेअरिंगची होती.

स्टेअरिंग वळणानंतर परत येत नसेल तर ड्रॅग लिंक सोडून चाकं हाताने फिरवा. जड लागली तर किंग पिन कोरडे आहेत किंवा थ्रस्ट बेअरिंग गेलं आहे. आणि स्टेअरिंगचं चाक मधोमध आणण्यासाठी ते काढून दाते बदलून बसवू नका. स्टेअरिंग बॉक्स त्याच्या मधल्या खुणेवर ठेवून ड्रॅग लिंकची लांबी जुळवा. नाहीतर गाडी सरळ जाताना बॉक्स मध्य सोडून चालतो आणि तिथे त्याला सूक्ष्म प्ले असतो.

कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघताना किंग पिनचा पुढे-मागे कल) हे किट मोजतं, पण फरशी समतल नसेल तर आकडे फसवतात. टो आणि मागच्या एक्सलचा तिरकेपणा यांना फरशीचा तेवढा त्रास नाही. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये फरक असेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. मात्र बदल करण्याआधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. एखादा ड्रम गरम लागला तर ब्रेक अडकतोय.

उणिवा आहेत. भर उन्हात ठिपका दिसत नाही, सावलीतच काम करावं लागतं. क्लॅम्पचे प्लॅस्टिकचे पाय चार महिन्यांत झिजले, नवे घ्यावे लागले. हेड एकदा आपटलं की भरवसा संपतो. मग डावं-उजवं हेड आपसात बदलून तेच एक्सल पुन्हा मोजा. चूक हेडबरोबर सरकली तर कॅलिब्रेशन गेलंय. पुस्तिका पुढच्या एक्सलपासून सुरू करते, ते मात्र मला अजिबात पटत नाही. टो शेवटी करा. 0 ते 1.5 मिमी टो-इन बहुतेक पुढच्या एक्सलना चालतो, तरी उत्पादकाचा आकडा बघावा.

यू-बोल्ट सैल करून एक्सल हलवलं असेल तर ते ठरलेल्या टॉर्कने, आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा आणि गाडी भरून थोडी चालल्यावर पुन्हा तपासा. पाटे बसतात, बोल्ट सैल होतात आणि मिमीभर जुळवलेलं एक्सल आपली जागा सोडतं.