किल्ली फिरवण्याआधीच काटा वर

माझी जुनी गाडी महिना-महिना उभी असते. सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद टॅपेटची (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ऑइलविना कोरडी खडखड, आणि माझ्या पोटात गोळा. म्हणून ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर बसवला, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच त्यात ऑइल ढकलणारी टाकी. जाड नळकांडं, आत पिस्टन. एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला इंजिन ऑइल. गाडी बंद करताना, इंजिन चालू असतानाच व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे दाबाखालचं ऑइल आत कोंडून राहतं. पुढच्या वेळी स्टार्टर मारण्याआधी व्हॉल्व्ह उघडायचा. इंजिन गप्प, आणि प्रेशर गेजचा काटा सरसर ३० पीएसआयच्या वर! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उगाचच परत परत करून बघत बसलो, आणि अर्थातच दुसऱ्या वेळी नळकांडं रिकामं.

खडखड गेली. पूर्ण. तेवढ्यासाठी पाच तारे द्यायला हरकत नाही.

एक तारा कापला तो माहितीपत्रकासाठी. पंपाकडे ऑइल उलटं जाऊ नये म्हणून वन-वे व्हॉल्व्ह लावा, हे इतक्या बारीक अक्षरात छापलंय की मला ते सगळं बसवून झाल्यावर दिसलं. पुन्हा सगळं खोललं. शिवाय होजचा एक जोड आठवडाभर पाझरत होता; दोनदा आवळल्यावर थांबला.

आणि हो, डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) पातळी नळकांडं भरलेलं असताना वेगळी दिसते आणि रिकामं असताना वेगळी. मी घाबरून अर्धा लिटर जास्तीचं ओतलं होतं. नंतर काढलं.

रोज गाडी चालवणाऱ्याने यात पडू नये. चांगल्या ऑइल फिल्टरचा अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (गाडी बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली ओघळू न देणारा) त्याला पुरतो.