बायबलवर आधारित समुपदेशन : दहा महिन्यांनंतर

बायबलवर आधारित समुपदेशन म्हणजे मनाच्या अडचणींवर बायबलच्या वचनांच्या आधारे केलेले मार्गदर्शन. जे ॲडम्स या अमेरिकन पाळकांनी १९७० साली मांडलेली ही पद्धत ‘नूथेटिओ’ या ग्रीक क्रियापदावर उभी आहे आणि मराठीत त्याचा अर्थ ‘बोध करणे’ असा होतो, एवढे ध्यानात असले तरी पुरे. दहा महिने मी दर बुधवारी या समुपदेशनासाठी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पाळकीणबाईंकडे जात आहे. मधल्या काळात मी हे सोडून दिले होते, आणि तेव्हा लिहायला बसले असते तर कोणीही जाऊ नये असेच लिहिले असते.

आईच्या आजारपणाची अडीच वर्षे मी एकटीने काढली. दादा पुण्याहून फोन करीत असे. आई गेली, आणि त्यानंतर त्याचा फोन आला की मी मोबाइल पालथा घालून ठेवू लागले. आधी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे दोनदा गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, परंतु एका भेटीचे दीड हजार रुपये माझ्या पगारात बसणारे नव्हते. इथे शुल्क नाही. दोनशे पानी वही आणि रिक्षाचे भाडे, एवढाच खर्च.

ती वहीच या समुपदेशनाचा प्राण आहे आणि माझी तक्रारही तिच्याविषयीच आहे. पानाच्या मध्ये रेघ मारायची; डावीकडे काय काढून टाकायचे, उजवीकडे काय धारण करायचे. आधार बायबलमधील इफिसकरांस पत्र ४:२२-२४ चा, जुना मनुष्य आणि नवा मनुष्य. रागाच्या बाबतीत या रेघेने जे काम केले त्याला तोड नाही. पहिल्याच महिन्यात बाईंनी भांडणे मनातल्या वासनांतून उपजतात असे सांगणारा याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय उघडून विचारले, “फोन वाजला त्या क्षणी तुला नेमके काय हवे होते गं?” मला उत्तर सुचेना. त्यांनी तेच घरी लिहून आणायला सांगितले. तीन रात्री पान कोरेच राहिले आणि चौथ्या रात्री लिहिले गेले : “दादाने एकदा म्हणावे, आईचे सगळे तू केलेस.” औषधांच्या बिलांची जी फाइल मी कपाटात जपून ठेवली होती, ती हिशेबासाठी नव्हती, त्याच्यापुढे टाकण्यासाठी होती, हे मला त्या ओळीने दाखवले. त्या आठवड्याचा गृहपाठ होता, दादाला आपण होऊन फोन करून त्याच्या गुडघ्याची चौकशी करणे. तो मी केला.

चौथ्या महिन्यात मात्र बाईंनी माझे रडणे डाव्या रकान्यात लिहायला सांगितले. आधार दिला थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातील ४:१३ चा. ते वचन आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे सांगते. शोकच करू नका असे सांगत नाही. आईची आठवण म्हणजे काढून टाकण्याची वस्तू आहे काय? मी वही मिटली आणि सहा आठवडे गेले नाही.

त्या सहा आठवड्यांत मी तेच पत्र पुढे वाचले. ५:१४ मध्ये पत्राचा लेखक पौल माणसांगणिक निराळे औषध सांगतो : बेशिस्तांना बोध, खचलेल्यांना धीर, अशक्तांना आधार. ज्या क्रियापदावर ही सगळी पद्धत उभी आहे तेच तिथे आले आहे, आणि ते फक्त पहिल्या गटासाठी आले आहे! माझ्यात तर दोन्ही माणसे होती, दादावर चिडलेली बहीण आणि आईवाचून खचलेली मुलगी. दोघींना एकच रेघ लावली गेली. बायबलमधील दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते योग्यच वागले होते. हे सगळे मी बाईंना जाऊन सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “चुकले माझे.” त्या दिवशी आम्ही बायबलमधील ८८ वे स्तोत्र वाचले. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द ‘अंधार’ हाच आहे. त्यानंतर समाधानाची एकही ओळ येत नाही. ते स्तोत्र मी वहीत उतरवले आणि त्या पानावर रेघ मारली नाही. पुढच्या पिढीतील डेव्हिड पॉलिसन यांच्यासारख्या समुपदेशकांनी या चळवळीत दुःखभोगाला अधिक जागा दिली, ती का द्यावी लागली हे मला त्या पानावर कळले.

झोपेच्या गोळीबद्दल अनेक जण विचारतात. बाईंनी ती बंद करायला कधीही सांगितले नाही. शारीरिक आजारासाठी डॉक्टरकडेच जावे, असे ॲडम्सही मानत. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर दिली आणि झोपू दिले, हे बाईंनीच मला दाखवले. गोपनीयतेची बाजू मात्र कच्ची आहे. माझी गोष्ट एका घरगुती प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडली गेली आणि रविवारी तीन जणींनी दादाची चौकशी केली. शुल्क नसले की तक्रार करताना जीभ अडखळते, तशी माझीही अडखळली. तरी मी बोलले, आणि त्यानंतर तसे झालेले नाही.

बिलांची फाइल अजून कपाटात आहे. मी बुधवारी जातच राहणार आहे. तुम्ही जाणार असाल तर पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारून घ्या की शोक ते कोणत्या रकान्यात लिहायला लावतात, आणि आपले बोलणे खोलीबाहेर कोणाकोणाच्या कानी जाणार आहे.