वाट पाहणाऱ्यांना बातम्या विकणारा माणूस

परदेशातून मूल दत्तक घेताना आमची फसवणूक झाली, त्याची तक्रार अजून तपासात आहे. त्यामुळे त्या माणसाचं नाव, त्याच्या संस्थेचं नाव आणि ज्या देशातून आम्ही मूल दत्तक घेणार होतो त्या देशाचं नाव इथे येणार नाही. देशाचा तर यात काही दोषच नाही. माणसाचं नाव सांगूनही फारसा उपयोग नाही, कारण तपास अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार त्यानं ते याआधीही बदललेलं आहे. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून पद्धत लिहिते.

परदेशातून मूल दत्तक घ्यायचं म्हणजे आधी कागद आणि मग वाट. कागदांचा त्रास सोसवतो, कारण हाताला काम असतं. लग्नाचा दाखला, जन्माचे दाखले, पगाराच्या स्लिपा, कराची विवरणपत्रं, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला, दोघांच्या वैद्यकीय तपासण्या, ओळखीच्यांची शिफारसपत्रं. शिवाय होम स्टडी, म्हणजे समाजसेविका घरी येऊन आमच्या भांडणांपासून आमच्या बालपणापर्यंत सगळं विचारून जो अहवाल लिहिते तो. मग यातल्या बहुतेक कागदांना नोटरी, भाषांतर आणि अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्याला जोडलेलं सरकारी प्रमाणपत्र. त्यात बऱ्याच कागदांना मुदत असते, आणि शेवटचा हाती येतो तोवर पहिल्याची संपत आलेली असते. तरीही एकदाचं डोसियर, म्हणजे या सगळ्या कागदांचा संच, पुरं होतं, मान्यताप्राप्त संस्था ते पाठवते, आणि त्यानंतर आपल्या हातात करण्यासारखं काहीही उरत नाही. संस्थेला विचारावं तर ठरलेलं उत्तर येतं: नवीन काही नाही, कळलं की कळवू.

हा माणूस भेटतो तो इथे. कागद चालू असताना आम्हाला त्याची गरजच पडली नसती.

दत्तकासाठी वाट पाहणाऱ्या पालकांच्या एका मेळाव्यात त्याची ओळख झाली. स्वतःला तो ‘समन्वयक’ म्हणवत होता, स्वतःही दत्तक बाप असल्याचं सांगत होता आणि प्रक्रियेतला शब्दन् शब्द त्याला ठाऊक होता. सुरुवातीला त्यानं मूल मिळवून देण्याची भाषाच केली नाही. तिकडच्या कार्यालयात त्याची माणसं आहेत, तुमची फाइल कुठे आहे एवढं विचारून सांगतो, म्हणाला. त्याची फी किरकोळ होती. आणि थोड्या दिवसांत खरंच बातमी आली, की फाइल भाषांतर तपासणीत अडकली होती, ती आता पुढे सरकली. संस्था ‘नवीन काही नाही’ म्हणत होती आणि हा नवीन काहीतरी सांगत होता. कोणावर विश्वास बसेल? संस्थेचं उत्तर खरं होतं, पण खऱ्या उत्तरात काहीच नसायचं.

मग रेफरल आलं, म्हणजे आमच्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती. एका बाळाचा फोटो, नाव, काही महिन्यांची मुलगी, दोन पानी अहवाल. तुमच्या संस्थेकडे हे अधिकृतपणे यायला वेळ लागेल, तोवर मूल ‘राखून’ ठेवावं लागेल, असं त्यानं सांगितलं. त्यानंतर जे पैसे गेले त्यातली प्रत्येक रक्कम एखाद्या खऱ्या गोष्टीच्या नावानं गेली, आणि त्याची सगळी कला यातच होती. वैद्यकीय दाखल्यांची मुदत संपली, हे खरंच होतं, आम्हाला तारखा माहीत होत्या. कोर्टात भाषांतर लागतं, तेही खरं. अपोस्टिल लागतं, तेही खरं. एकही खर्च कानाला खोटा वाटणारा नव्हता. ‘तुम्ही दोघं एवढे शिकलेले, तरी कसे फसलात,’ असं विचारणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी एवढंच सांगते, की या प्रक्रियेत काहीही न शिकलेला माणूस कदाचित लवकर सावध झाला असता. आम्हाला सगळे शब्द ओळखीचे होते.

पैसे दर वेळी वेगळ्या खात्यावर जायचे. खातं संस्थेचं कधीच नसायचं, कोणा व्यक्तीचं असायचं, आणि बहुधा तिसऱ्याच देशातलं. पावतीवर ‘देणगी’ असा शब्द असायचा. आणि एक अट त्यानं अगदी सहज घातली होती: तुमच्या संस्थेला हे बोलू नका, त्यांना डावललं असं वाटलं तर ते फाइल मागे टाकतील. या एका वाक्यानं त्यानं आम्हाला जे कोणी खरं सांगू शकलं असतं त्यांच्यापासून तोडलं. माझ्या मते अख्ख्या फसवणुकीतलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेच. फोटो, अहवाल, कोर्टाचे कागद हे सगळं त्याच्यावर उभं होतं.

घाई करायला त्याच्याकडे बातम्याही खऱ्याच होत्या. आंतरदेशीय दत्तक जगभर आटत चाललं आहे. अमेरिकेत २००४ साली परदेशातून दत्तक आलेली मुलं सुमारे २३ हजार होती, २०२३ च्या वर्षात ती तेराशेच्याही खाली आली. इथिओपियानं २०१८ मध्ये परदेशी दत्तकावर बंदी घातली. चीननं सप्टेंबर २०२४ मध्ये जवळच्या नातेवाइकांचा अपवाद सोडून ते बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा ज्यांच्या हाती मुलांचे फोटो आणि नावं कधीच आली होती अशी कुटुंबंही अधांतरी राहिली. त्यानं यातली प्रत्येक बातमी आम्हाला पाठवली. तिकडची सगळी कुटुंबं आता याच देशाकडे वळणार, तुमचं मूल दुसऱ्याला गेलं तर माझ्याकडे येऊ नका, असं वर लिहून.

मध्येच त्यानं व्हिडिओ कॉलही घडवून आणला. पडद्यावर ‘संचालिका’ आल्या, मांडीवर बाळ, मागे रंगीत भिंत. बाळाला दूध कमी पडतं, हिवाळा येतोय, असं त्या म्हणाल्या. आम्ही काय केलं असेल ते सांगायला नको.

हे उघडं पडलं ते माझ्या नणंदेमुळे. ती बालरोग विभागात नर्स आहे. मुलीचा दुसरा वैद्यकीय अहवाल आला तेव्हा तिला तो सहज दाखवला. तिनं पहिला मागितला, दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाली, ‘वहिनी, वजन वाढलंय, उंची वाढलीय, पण डोक्याचा घेर दशांशापर्यंत तोच आहे.’ जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि वर्षाचं होईपर्यंत तो साधारण ४५ वर जातो. पाचव्या आणि अकराव्या महिन्यात तो सारखाच असेल तर एक तर बाळ गंभीर आजारी आहे, नाही तर कागद बनवणारा हा आकडा बदलायला विसरला. ‘बाळ आजारी असतं तर डॉक्टरनं त्यावर एक ओळ तरी लिहिली असती,’ ती म्हणाली.

त्याच रात्री आम्ही त्यानं पाठवलेल्या कोर्टाच्या आदेशावरचं अपोस्टिल तपासायला घेतलं. १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिलचा नमुना ठरलेला असतो, त्यात क्रमांकासह दहा नोंदी असतात, आणि ते देणाऱ्या कार्यालयाला नोंदवही ठेवावी लागते. कोणीही क्रमांक आणि तारीख कळवून खातरजमा करून घेऊ शकतो. आम्ही विचारलं. उत्तर आलं, आणि अपोस्टिल अस्सल निघालं! क्षणभर जिवात जीव आला. पण कार्यालयातल्या बाईंनी उत्तरात एक ओळ जादा लिहिली होती, तिचे आभार कसे मानावेत कळत नाही. हे अपोस्टिल कोर्टाच्या आदेशावर दिलेलं नाही, एका नोटरीच्या सहीवर दिलेलं आहे, असं त्या ओळीत होतं. झालं होतं असं: कोणीतरी स्वतःच ‘आदेश’ लिहिला, भाषांतरकारानं ‘मी याचं भाषांतर केलं’ असं प्रतिज्ञापत्र दिलं, नोटरीनं त्या प्रतिज्ञापत्रावर सही केली आणि अपोस्टिल त्या सहीला मिळालं. अपोस्टिल कागदावरची सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. आतला मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून शिक्का पाहून समाधान मानू नका. तो नेमका कोणाच्या सहीवर आहे ती नोंद वाचा. कोर्टाचा कागद असेल तर तिथे न्यायाधीशाचं किंवा कोर्टाच्या अधिकाऱ्याचं नाव हवं.

मग संस्थेला सगळं सांगितलं. त्यांनी आमच्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणामार्फत, म्हणजे परदेशी दत्तकाचं काम पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेमार्फत, तिकडच्या केंद्रीय प्राधिकरणाकडे चौकशी केली. या नावाचं मूल आमच्यासाठी सुचवलेलं नाही, त्या पत्त्यावरच्या कोणत्याही संस्थेला परदेशी दत्तकाची परवानगी नाही, आणि आमचं डोसियर जिथे होतं तिथेच रांगेत आहे, असं उत्तर आलं.

दत्तकाविषयीचा हेग करार वेगळा आहे, २९ मे १९९३ चा. शंभरहून जास्त देश त्यात आहेत. तो वाचायला कंटाळवाणा आहे, पण त्यातली चारपाच कलमं आमच्या माणसाच्या वागण्याशेजारी ठेवली की प्रत्येक पायरीवर तो कुठे उघडा पडत होता ते दिसतं. मुलाचा अहवाल मुलाच्या देशाचं प्राधिकरण तयार करतं आणि आपल्या देशाच्या प्राधिकरणाकडे धाडतं (कलम १६). तो मधल्या माणसाच्या फोनवरून आपल्या फोनवर येत नाही. दोन्ही प्राधिकरणांनी ‘पुढे जायला हरकत नाही’ असं म्हटल्याशिवाय मूल सोपवताच येत नाही (कलम १७). त्याआधीच्या ठरलेल्या अटी पुऱ्या होईपर्यंत होऊ घातलेल्या पालकांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्कच ठेवायचा नसतो, नात्यातलं दत्तक असेल किंवा तिकडच्या प्राधिकरणानं घातलेल्या अटींत तो बसत असेल तर गोष्ट निराळी (कलम २९). ‘संचालिकां’चा तो हळवा कॉल इथेच संपतो. खर्च आणि वाजवी व्यावसायिक फी एवढेच पैसे घेता येतात, त्यापलीकडचा लाभ कोणालाही मिळता कामा नये (कलम ३२). आणि शेवटी दत्तक करारानुसार झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं (कलम २३), ते सक्षम अधिकारी देतो. पैसे भरून मूल ‘राखून ठेवणं’ असा प्रकार यात कुठेच नाही. करारात नसलेल्या देशाशी व्यवहार असेल तर कागद वेगळे असतात, तेव्हा मुलाला आपल्या देशात प्रवेश देणाऱ्या सरकारी खात्याकडेच आधी लेखी विचारावं.

आमच्याबाबतीत मूल नव्हतंच. ऐकणारे याला नुकसान म्हणतात. मला मात्र दुसऱ्या शक्यतेची भीती जास्त वाटते. कंबोडियातून होणारी दत्तकं अमेरिकेनं २००१ च्या डिसेंबरमध्ये थांबवली, कारण गरीब आयांना थोडे पैसे देऊन मुलं मिळवली जात असल्याचा संशय होता. त्यातल्या एका मध्यस्थ बाईला पुढे २००४ मध्ये व्हिसा फसवणूक आणि मनी लाँडरिंगबद्दल शिक्षा झाली. २००७ मध्ये आफ्रिकेतल्या चाडमध्ये एक फ्रेंच संस्था १०३ मुलांना शेजारच्या सुदानमधल्या ‘दारफूरची अनाथ मुलं’ म्हणून विमानानं नेण्याच्या तयारीत होती. बहुतेक मुलं चाडचीच होती आणि त्यांच्या घरी आई, वडील किंवा सांभाळणारं मोठं माणूस होतं. म्हणजे युरोपात वाट पाहत बसलेल्या कुटुंबांना खरं मूल मिळणार होतं. आमचा माणूस थोडा जास्त मेहनती असता तर आम्हीही एखाद्या बाईचं मूल घेऊन घरी आलो असतो, आणि वर त्याचे उपकार मानले असते. आमच्याकडच्या फोटोतली मुलगी कोण आहे हे अजून कळलेलं नाही. तो फोटो आणखी काही कुटुंबांना वेगवेगळ्या नावांनी गेला होता, एवढं तपासात बाहेर आलं. तिला आई असणारच, आणि लेकीचा फोटो कुठे कुठे फिरतोय हे तिला कोणी सांगितलेलं नसणार. तो फोटो आम्ही कुणाला दाखवत नाही, तुम्हाला कुणाचा असा फोटो मिळाला तर तुम्हीही फिरवू नका, तपास करणाऱ्यांना द्या.

संशय आला की त्या माणसाला जाब विचारण्याच्या आधी बँकेला फोन करा. शेवटची रक्कम परदेशी खात्यातून निघण्याआधी थांबवण्याची विनंती करता येते, आणि तिथे तासांचा फरक पडतो. आमच्या नवऱ्यानं रागानं आधी त्यालाच फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याचे सगळे जुने मेसेज त्याच्या बाजूनं पुसलेले होते. बरेचसे आम्ही आधीच उतरवून ठेवले होते म्हणून तक्रार उभी राहिली. तक्रार पोलिसांत द्या, प्राधिकरणाकडे द्या आणि आपल्या होम स्टडीच्या संस्थेलाही लेखी कळवा. फाइल रद्द होईल या भीतीनं बरेच जण गप्प बसतात. आमची रद्द झाली नाही. समाजसेविका पुन्हा घरी आली, तिनं या प्रकरणावर अहवालात एक परिच्छेद जोडला, आणि आता मुदत संपलेले दाखले नव्यानं काढायचं काम चालू आहे.

तक्रार नोंदवून काही आठवडे झाले असतील नसतील, तोच एका गृहस्थाचा फोन आला. आंतरराष्ट्रीय दत्तक फसवणुकीतले पैसे परत मिळवून देण्यात त्यांचा हातखंडा आहे म्हणे. आमच्या प्रकरणाचे बारीकसारीक तपशील त्यांना माहीत होते, पोलिसांना सांगितले नव्हते तेही. फी थोडीच होती, फक्त आगाऊ भरायची होती, आणि खातं एका व्यक्तीच्या नावावर होतं. तो नंबर आणि ते खातं आम्ही तपास अधिकाऱ्यांकडे दिलं आहे.