अँबॅसिडरची व्हॅक्युम ॲडव्हान्सची डबी: माल बरा, सोलापुरातला कारागीर एक नंबर

घरची अँबॅसिडर आहे, जुनी १४८९ सीसी पेट्रोल, लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा भाग). व्हॅक्युमची डबी बरीच वर्षं नुसती शोभेला, आतला डायफ्राम म्हणजे पातळ पडदा फाटलेला. गाडी चालते म्हणून कुणी बघत नाही आणि गॅरेजवाले तर सरळ पाइप काढून त्याच्या तोंडात स्क्रू कोंबतात वर म्हणतात "काय फरक पडत नाय ओ". पडतो की! हलक्या एक्सलेटरवर सपाट रस्त्याने जाताना सिलिंडरमधे मिश्रण कमी भरतं, ते जळायला वेळ घेतं, म्हणून ठिणगी जरा आधी पडावी लागते (हाच ॲडव्हान्स), तेवढंच काम या डबीचं, इंजिनाच्या ओढीवर म्हणजे व्हॅक्युमवर चालणारं. एक्सलेटर पूर्ण दाबला की व्हॅक्युम पडतो आणि टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ परत मागे येते. ती मेली की पेट्रोल उगाच जळतं आणि इंजिन तापतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात आधीच काय कमी तापतं का.

डबी ऑनलाइन मागवली, नवीन बनावटीची. दिसायला सेम टू सेम, पण डबीवर तीन आकडे ठोकलेले असतात ते बघा आधी. पहिला म्हणजे किती इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युमला ॲडव्हान्स सुरू होतो, दुसरा म्हणजे कितीला पूर्ण होतो, तिसरा डिग्री, तीही डिस्ट्रिब्युटरची, क्रँकवर दुप्पट धरायची. मला आधी भलत्याच आकड्यांची पाठवली आणि विकणारा म्हणे बसतंय की, सगळ्यांना हीच देतो. अहो बसतंय तर खरं, पण ॲडव्हान्स भलतीकडेच सुरू होणार त्याचं काय? भांडून बदलून घेतली. दुसरी बरोबर निघाली. प्लेटिंग चांगलं, नटाचे आटे मात्र जरा खरबरीत.

बसवली अक्कलकोट रोडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे. हा माणूस बघण्यासारखा आहे. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून टेबलावर जुन्या सोलापुरी चादरीचा तुकडा पसरला, कारण काय तर डबीच्या आटे असलेल्या दांड्याच्या टोकाला बारीक सर्क्लिप (अडकवायची कडी) असते आणि खाचांच्या नटाखाली दोन स्प्रिंगा, त्या उडाल्या तर फरशीवर सापडत नाहीत. "हे स्प्रिंग गेलं की गाडी हितंच मुक्कामाला बगा" म्हणाले. मग बेस प्लेट सोडवली, डबीचा हूक प्लेटच्या खुंटीत अडकवला, पाइपला तोंड लावून हवा ओढली आणि जिभेने भोक दाबून धरलं. प्लेट सरकली आणि तिथंच थांबली, म्हणजे डायफ्राम शाबूत. पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या टोकांचा) गॅप फीलर पट्टीने १५ थाऊला, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशाला लावला. ठिणगीची वेळ तपासायचा टायमिंग लाइट लावताना व्हॅक्युमचा पाइप काढून बंद करून ठेवला, हे न सांगता केलं तिथंच मी पैसे वसूल मानले. पाइपही एसयू कार्बोरेटरच्या थ्रॉटलजवळच्या मूळ भोकालाच जोडला, तिथं आयडलला (गाडी उभी, पाय एक्सलेटरवर नाही) व्हॅक्युम नसतो. मॅनिफोल्डला (कार्बोरेटरपुढच्या इंजिनाच्या नळीला) जोडला असता तर आयडलिंगच चढलं असतं.

मजुरी ५०० रुपये. फोन उचलत नाहीत, सकाळी लवकर जाऊन उभं राहायचं, आणि पॉइंट, कंडेन्सर आपलेच न्यायचे, त्यांच्याकडे स्टॉक नाही. गाडी लावायला जागा पण नाही, रस्त्यावरच सगळं.

तुळजापूर रोडला काढली लगेच. चौथ्या गियरमधे अर्ध्या एक्सलेटरला जो आळशीपणा होता तो गेला, पाय हलका ठेवला की गाडी आपोआप पळते, आणि तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात पाय दाबला तरी नॉकिंग (इंजिनाची टकटक) नाही. डबीला ५ पैकी साडेतीन, कारागिराला पाच. जुन्या डबीवरचे आकडे वायर ब्रशने घासून फोटो काढा आणि मगच ऑर्डर टाका.