दोन गोऱ्ह्यांतला वळू कोणता ठेवायचा? टेप लावायच्या आधी वय बघा

आपल्या वर्ध्यातल्या आर्वी-कारंजाकडे गवळाऊ जातीचे दोन चांगले गोऱ्हे गोठ्यात असले की लोक टेप लावतात, ज्याच्या अंडकोषाचा घेर जास्त तो ठेवतात अन् दुसरा विकून मोकळे होतात. दोघं एकाच आठवड्यातले असतील तर हे ठीक आहे. पण वयात दोन महिन्यांचा फरक असला तर सरळ माप फसवते, कारण या वयात घेर वाढतच असतो.

दुसरा मार्ग अमेरिकेतला, तिथं मांसाच्या जातींच्या गोऱ्ह्यांचा घेर 365 दिवसांच्या वयावर आणून बघतात. 365 मधून वयाचे दिवस वजा करायचे, जे उरते त्याला जातीच्या आकड्यानं गुणायचं अन् ते मापात मिळवायचं, वय जास्त असेल तर तेवढं कमी करायचं. अँगस जातीचा आकडा दिवसाला 0.0374 सेंमी. समजा एक 395 दिवसांचा, घेर 33 सेंमी, तो येतो 31.9 वर, दुसरा 335 दिवसांचा, घेर 32, तो जातो 33.1 वर. निकालच उलटला ना!

पण लिमोझिन जातीचा आकडा 0.0590 आहे, म्हणजे जात बदलली की आकडा बदलला, मग अँगसचा गवळाऊला कसा लावता? आपली देशी जनावरं उशिरा वयात येतात. 15 महिन्यांपर्यंत किमान 30 सेंमी घेर हा नियमही तिकडचाच, त्यावरून कोणी हाताशी आलेला गोऱ्हा काढून टाकला की जीव हळहळतो.

म्हणून माझं मत, घाई नसेल तर गणित सोडा अन् लहान्याला मोठ्याच्या वयाला येऊ द्या. फरक दोन महिन्यांचा असेल तर पोळ्याला मोठ्याचं माप, दिवाळीला लहान्याचं, अमावास्या ते अमावास्या 59 दिवस होतात. चारा-ढेप (पेंड) मात्र दोघांना सारखी. मोजताना दोन्ही गोळ्या हलक्या हातानं खाली ओढा, अंगठा बाजूला ठेवा, मधात घातला तर गोळ्या फाकतात अन् माप वाढून येते, मग सगळ्यात रुंद जागी टेप नुसता टेकेल एवढाच आवळा.

बाजारातून आजच घ्यायचा असेल तर जन्मतारीख नक्की माहीत असलेलाच घ्या. अन् पहिलारू गाईचा गोऱ्हा दुधाअभावी मापात मागं असू शकतो, त्याला लगेच बाद करू नका.